ट्रॉम्बोनची स्लाइड परत परत अडकते? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. स्लाइड, म्हणजे पुढेमागे सरकणारी नळी, जड झाली म्हणून तेल घातलं, दोन दिवस मस्त चालली, तिसऱ्या दिवशी परत खरखर. मग आणखी तेल. महिन्याभरात मूल चौथ्या पोझिशनला (सूर बदलायला स्लाइड न्यायच्या सात ठरलेल्या जागांपैकी चौथी) पोचायच्या आधीच कुठेतरी थांबायला लागतं, सूर चढा लागतो, आणि कुणीतरी म्हणतं की पोराचा कान कच्चा आहे. कान ठीक असतो. हात न्यायचा तिथे नळीच जात नसते. मूल मात्र धरून चालतं की आपल्यालाच हे वाद्य जमत नाही, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

सारखी अडकणारी स्लाइड सहसा वंगण कमी पडल्यामुळे अडकत नाही. आत साचलेली घाण, चुकीचं वंगण, बाहेरच्या नळीला आलेला पोचा किंवा नळ्या एकमेकींना समांतर न राहणं, यांपैकी एखादं कारण जागच्या जागी असतं आणि आपण त्याच्यावर तेल ओतत राहतो. पहिली दोन कारणं घरी निस्तरता येतात. उरलेली दोन घरी ओळखता येतात, पण दुरुस्त करायला जाऊ नये.

थोडं रचनेबद्दल, कारण ती कळली की पुढचं सगळं आपोआप समजतं. शाळेतल्या मुलांकडे बहुतेक वेळा बी-फ्लॅटचा साधा टेनर ट्रॉम्बोन असतो. नळीचा आतला व्यास साधारण 12.7 मि.मी. आणि स्लाइड बंद असताना नळीची एकूण लांबी 2.7 मीटरच्या आसपास. पहिल्या पोझिशनपासून सातव्या पोझिशनपर्यंत बाहेरची स्लाइड 55 ते 60 सें.मी. पुढे जाते. पण आतल्या नळ्या बाहेरच्या नळ्यांना पूर्ण लांबीभर टेकत नाहीत. त्यांच्या खालच्या टोकाचा दहा-बारा सें.मी.चा भाग किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीला घासतं ते स्टॉकिंगच, आणि दोघांमधली फट असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्या फटीत वडापावचा एक कण गेला तरी हाताला कळतो.

अडकते कुठे, ते आधी शोधा

स्लाइड बेलपासून (वाद्याच्या कर्ण्याच्या भागापासून) सोडवा. जमिनीवर टॉवेलची घडी ठेवून स्लाइड त्यावर उभी धरा, खालच्या वळणावरचं रबर टॉवेलवर टेकलेलं. लॉक उघडा आणि आतल्या स्लाइडची दांडी दोन बोटांत धरून सावकाश वर न्या, सावकाश खाली आणा. घाई नको. डोळे मिटून केलं तर बोटांना जास्त कळतं.

पूर्ण लांबीभर सारखीच खरखर लागत असेल तर आत घाण आहे किंवा वंगण बिघडलंय. दर वेळी नेमक्या एकाच जागी ठेच लागत असेल तर तिथे पोचा आहे. खरखर अजिबात नाही, पण स्लाइड कुणीतरी मागे ओढल्यासारखी जड जाते, विशेषतः एका टोकाकडे जास्त, तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. कपाटाचा खण तिरका बसला की मेण लावूनही जसा सरकत नाही, तसंच हे.

पोचा कुठे शोधायचा याचंही गणित सोपं आहे. स्लाइड बंद असते तेव्हा स्टॉकिंग बाहेरच्या नळीच्या तळाशी, वळणाजवळ असतं. स्लाइड पूर्ण उघडली की ते बाहेरच्या नळीच्या तोंडाशी येतं. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या पोझिशनला ठेच लागत असेल तर पोचा वळणाच्या बाजूला, सहाव्या-सातव्याला लागत असेल तर हाताने धरायच्या दांडीच्या बाजूला. वळणावरच पोचा असेल तर तो दिसायला वाईट दिसतो, पण स्टॉकिंग तिथवर जातच नाही, त्यामुळे स्लाइड त्याने अडकत नाही.

एका सातवीतल्या मुलीची स्लाइड दुसऱ्या पोझिशनमधून पहिल्यात येताना दर वेळी अडखळायची. घरच्यांनी ती धुऊन धुऊन लख्ख ठेवली होती, आत मळाचा मागमूस नव्हता. बाहेरची स्लाइड ट्यूबलाइटखाली आडवी धरून हळूहळू फिरवली. चांगल्या नळीवर दिव्याची सरळ, अखंड रेघ दिसते. इथे उजव्या नळीवर, वळणापासून चार बोटांवर, ती रेघ तुटत होती. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. नखाने चाचपल्यावर खळगा हाताला लागला. केसमध्ये माउथपीसचा कप्पा फाटलेला होता आणि सुटा माउथपीस रोज शाळेत जाता-येता त्याच जागी आपटत होता. जगातलं कुठलंही तेल हा पोचा भरून काढणार नव्हतं.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची चाचणी. बाहेरची स्लाइड पूर्ण काढा. मग आतल्या दोन नळ्यांपैकी फक्त एक तिच्या जोडीच्या बाहेरच्या नळीत घाला, दुसरी बाहेर बाजूला राहील अशा बेताने. सरकवून बघा. मग तसंच दुसऱ्या नळीचं करा. दोन्ही नळ्या सुट्या सुट्या लोण्यासारख्या जातात आणि एकत्र घातल्या की अडकतात, तर दोष समांतरपणाचा आहे. एकच नळी अडकत असेल तर दोष त्या नळीत आहे, आणि मग धुणं किंवा पोचा काढणं एवढंच बघायचं. दुरुस्ती करणाऱ्याकडे जाण्याआधी एवढं करून ठेवलंत तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

बँडच्या खोलीत बरेच ट्रॉम्बोन एकत्र धुतले जात असतील तर आणखी एक गोष्ट तपासा: बाहेरची स्लाइड त्याच वाद्याची आहे ना? एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन ट्रॉम्बोनच्या स्लाइड बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात, पण आतली आणि बाहेरची स्लाइड एकमेकींना जुळवून बसवलेली असते. अदलाबदल झाली की दोन्ही वाद्यं बिघडल्यासारखी वाटतात. धुण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या दांडीला एकाच रंगाचा दोरा बांधला की हा घोळ होत नाही. पाणी काढायची चावी उलट्या बाजूला गेलेली नाही ना, तेही बघा. घाईत स्लाइड उलटी घातली जाते.

धुणं

परदेशी व्हिडिओंत वाद्य बाथटबमध्ये भिजत ठेवतात. आपल्याकडे बादली आणि मग. बादलीत उभी केली तर स्लाइडचा निम्म्याहून जास्त भाग वरच राहतो आणि बादली कलंडली तर पोचा ठरलेला. त्यापेक्षा बाथरूमच्या फरशीवर जुनी चादर किंवा जाड टॉवेल अंथरा आणि मगाने पाणी ओता. पाणी कोमट, हाताला सुखद वाटेल इतपतच. कढत पाण्याने लॅकर, म्हणजे वाद्यावरचा पारदर्शक थर, सुटतं. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब पुरे.

साबणाचं पाणी बाहेरच्या स्लाइडच्या एका तोंडातून ओता, दुसऱ्यातून निघू द्या. दहा मिनिटं थांबा, मळ मऊ होतो. मग लवचीक लांब ब्रश एका बाजूने घालून वळणापर्यंत न्या, पुढेमागे करा, काढा, दुसऱ्या बाजूने तेच. ब्रशची टोकं प्लॅस्टिकने झाकलेली असली पाहिजेत. उघडी तार नळीच्या आत ओरखडे काढते. नंतर साबणाचा फेस पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाणी. आतल्या स्लाइडलाही हेच, फक्त अतिशय हळू हाताने, कारण ती चटकन वाकते.

शेवटच्या पाण्याबद्दल आग्रहाने सांगतो. शहराबाहेरच्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरणारं पाणी स्लाइडमध्येही तसाच थर सोडतं, आणि तो थर साबणाने निघत नाही. शेवटचं खळखळून घेणं फिल्टरच्या पाण्याने करा. वाजवताना स्लाइडवर फवारायच्या बाटलीतही तेच पाणी भरा. कितीतरी घरांत स्लाइड मनापासून धुतली जाते आणि तरी दोन महिन्यांनी जड होते, त्याचं कारण हे पाणी.

धुऊन झालं म्हणजे काम संपलं असं नाही. खरा मळ निघतो तो गजाने. ट्रॉम्बोनचा लांब गज मिळतो, त्याच्या टोकाला कापड ओवायची खाच असते. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची, धागे न सुटणारी पट्टी घ्या. ती खाचेत ओवा, आधी गजाचं टोक पूर्ण झाका, मग पीळ देत गजाच्या शेवटापर्यंत गुंडाळत न्या. नळीच्या आत कुठेही उघडा धातू टेकता कामा नये. कापड किंचित घासत जावं इतकंच जाड हवं. जोर लावावा लागला तर एक वेढा कमी करा, नाहीतर ते आत अडकून बसतं आणि मग ते काढण्याचं वेगळंच काम होतं. तळाशी पोचताना हात सैल ठेवा, गजाने वळणाला आतून धक्का बसू देऊ नका.

आणि हे नीट लक्षात ठेवा: जी नळी पुसताय तीच नळी दुसऱ्या हाताने धरा. उजवी पुसताना डावी धरली तर प्रत्येक ओढीबरोबर दोन्ही नळ्या एकमेकींपासून पिळल्या जातात. स्वच्छता करता करता समांतरपणा बिघडतो तो असा.

पहिल्यांदा कापड काळं-हिरवट निघेल. नवी पट्टी घ्या, परत पुसा. कापड जवळजवळ पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवायचं.

बाहेरून चमक यावी म्हणून पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू किंवा धातूचं पॉलिश मात्र लावू नका. विद्यार्थ्यांच्या बहुतेक वाद्यांवर लॅकरचा पारदर्शक थर असतो, तो निघून जातो. त्याहून वाईट म्हणजे पावडरचे बारीक कण स्लाइडच्या फटीत जातात आणि तिथे पॉलिश पेपरचं काम करतात. बाहेरून मऊ सुती कापड फिरवलं की पुरे.

वंगण

घरात जे सापडेल ते लावायची सवय इथे महागात पडते. शिलाई मशीनचं तेल जाड असतं, धूळ धरतं आणि त्याचा चिकट लेप होतो. ट्रम्पेटच्या वाल्व्हचं तेल या कामासाठी फार पातळ, लवकर उडून जातं. खोबरेल तेल लावलेलंही पाहिलंय, आणि त्याची गंमत अशी की ते सप्टेंबरपर्यंत बरं चालतं. 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजतं. डिसेंबरात पुण्या-नाशिकच्या सकाळी पारा 10-12 अंशांवर येतो, 26 जानेवारीच्या संचलनाच्या तालमी सकाळीच असतात, आणि स्लाइड दगडासारखी होते. दुपारी ऊन चढलं की परत मोकळी. मग घरचे म्हणतात, कधी अडकते कधी नाही, काही कळत नाही.

स्लाइडसाठीचं म्हणून मिळतं तेच वंगण घ्या. दोन प्रकार मुख्य: दुधासारखा पातळ द्रव आणि क्रीम. लावायचं फक्त स्टॉकिंगवर, आतल्या नळीच्या पूर्ण लांबीवर नाही. क्रीम असेल तर बोटाच्या टोकावर मावेल इतकं घेऊन पातळ फिरवा, जास्तीचं पुसून टाका आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारा. पाण्याचे थेंबच स्लाइडला तरंगती ठेवतात. क्रीमचं काम ते थेंब धरून ठेवण्याचं. वाजवताना जड वाटली तर नवं क्रीम नको, फवारा मारा. दुसऱ्या कंपनीचं वंगण वापरायचं असेल तर आधीचं पूर्ण धुऊन टाका, दोन वेगवेगळ्या वंगणांचा बरेचदा चिकट गोळा होतो.

ट्यूनिंग स्लाइडचं, म्हणजे सूर जुळवायच्या छोट्या नळीचं, ग्रीस हे वेगळं. ते घट्ट असतं आणि मुद्दाम घट्ट असतं. ते हाताच्या स्लाइडला लागलं तर सगळं धुणं पुन्हा पहिल्यापासून.

आणि तरी परत अडकते

धुतली, नीट वंगण लावलं, पोचा नाही, तरी दोन आठवड्यांत तेच, अशी वेळ आली तर रोजच्या सवयी तपासा.

तालमीला मुलं शाळा सुटल्यावर येतात आणि शाळा सुटल्यावर भूक लागलेली असते. चहा-बिस्किटं, वडापाव, पेप्सीकोला, जे तोंडात असतं ते श्वासाबरोबर नळीत जातं. साखर आणि तेल आत वाळून बसतं. खायला बंदी करायची गरज नाही. वाजवण्याआधी दोन वेळा चूळ भरायला लावा. या एका सवयीने सगळ्यात जास्त फरक पडतो. आम्लट लाळ आणि ओल नळीत राहिली तर पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि नळी आतून बाहेर कुजत येते. बाहेरून गुलाबी ठिपके दिसायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो.

वाजवून झालं की चावी दाबून पाणी काढायचं, बाहेरची स्लाइड उतरवून ते ओतून टाकायचं, स्टॉकिंग कोरड्या कापडाने पुसायची आणि मगच केस बंद करायची. पावसाळ्यात केसचं अस्तरच ओलसर असतं, विशेषतः कोकणात आणि गोव्यात. उघडीप मिळाली की रिकामी केस उन्हात उघडी ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

केसमध्ये नोटेशनची वही ठेवायची नाही. मला वाटतं, समांतरपणा बिघडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं. झाकण लावताना वहीचा दाब थेट स्लाइडवर येतो, रोज येतो, आणि आतल्या नळ्या थोड्या थोड्या वाकत जातात. झाकण बसायला जोर लावावा लागतोय म्हणजे आत काहीतरी चुकीचं आहे. स्कूटरवरून नेताना केस पायाशी उभी ठेवून गुडघ्यांनी दाबून धरण्याची पद्धतही बरी नाही. पाठीला अडकवा, आणि वाद्य उचलताना स्लाइडचं लॉक लावलेलं असू द्या.

माउथपीस तळहाताने ठोकून बसवला की तो घट्ट रुततो. मग मोठी माणसं पक्कड घेतात, एकजण वाद्य धरतो, दुसरा पिळतो. माउथपीस सुटतो की नाही ही पुढची गोष्ट, पण पिळवटली जाते ती आतली स्लाइड. यासाठी माउथपीस ओढून काढणारं छोटं हत्यार असतं, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे ते असतं आणि काम दोन मिनिटांचं. हलक्या हाताने ठेवून किंचित फिरवलं की माउथपीस पुरेसा बसतो.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या मुलांसाठी वेगळं सांगायलाच हवं. गुलाल स्लाइडच्या क्रीमवर बसला की त्याची खळ होते, आणि सकाळपर्यंत ती घट्ट वाळते. मिरवणुकीहून आल्यावर कितीही दमलेलं असलं तरी त्या रात्री निदान स्लाइड उतरवून पाण्याने धुवा, बाकीचं उद्या. वाळलेल्या गुलालावर स्लाइड जबरदस्तीने चालवली तर स्टॉकिंगवरच्या क्रोमला चरे पडतात, आणि क्रोमचे चरे भरून येत नाहीत.

साधारण वेळापत्रक असं: पुसणं रोज, गज आणि नवं वंगण आठवड्याला, माउथपीस ब्रशने धुणं तेव्हाच, पूर्ण वाद्य धुणं महिना-दीड महिन्यातून एकदा. वर्षातून एकदा जाणकाराला दाखवावं.

दुरुस्तीला देताना

पोचा काढायला आणि नळ्या समांतर करायला नळीच्या नेमक्या मापाचा पोलादी मँड्रेल लागतो. तो आत घालून बाहेरून हलकेच काम करतात. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा, की ट्रॉम्बोनच्या स्लाइडचा मँड्रेल आहे का. नसेल तर वाद्य परत घेऊन या, मग तो माणूस गिटार कितीही छान दुरुस्त करत असो. भांड्यांचे पोचे काढणाऱ्याकडे तर चुकूनही नको. लग्नाच्या बँडवाल्यांना विचारा, त्यांची वाद्यं रोज राबतात आणि कुणाचा हात चांगला आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यान् पिढ्या बँडची वाद्यं बनतात आणि बऱ्याच बँडवाल्यांचा तिथे संपर्क असतो. अमेरिकेत ज्यांच्या मुलांनी शाळेच्या बँडसाठी ट्रॉम्बोन भाड्याने घेतलाय, त्यांनी स्वतः काही करण्याआधी भाड्याचा करार वाचावा, बऱ्याच करारांत दुरुस्ती धरलेली असते.

वाद्य देताना एका कागदावर लिहून द्या: कोणती नळी अडकते, उजवी की डावी, कोणत्या पोझिशनला, सुटी घातली तर जाते का, शेवटचं कधी धुतलं आणि कोणतं वंगण लावलं. परत घेताना दुकानातच स्लाइड टॉवेलवर उभी धरून तीच चाचणी पुन्हा करा. आतल्या नळ्यांची वरची तोंडं बोटांनी घट्ट बंद करून, लॉक उघडून, स्लाइड उचलूनही बघा: बाहेरची स्लाइड आतल्या हवेच्या ओढीने धरून राहिली पाहिजे. सर्रकन खाली यायला लागली तर लगेच खालून हात द्या. बहुधा पाण्याच्या चावीचं बूच नीट बसत नसतं, आणि ते तिथल्या तिथे बदलून मिळतं.